खारवणीचं कडं

मंडईच्या मागच्या गल्लीत आमची भट्टी आहे. चणे, फुटाणे, लाह्या आणि खारे दाणे. दुकानाला पाटी नाही, कारण कधी लागली नाही. वास येतो त्या दिशेने माणसं येतात. आली की आधी न विचारता दोन दाणे उचलून तोंडात टाकतात, मग तिसरा शंकानिरसनासाठी, आणि मग विचारतात, "ताजे आहेत ना?" मी इतकी वर्षं एकच उत्तर देत आलोय, "नाही, तुमच्यासाठी शिळे राखून ठेवलेत." गिऱ्हाईक रागावत नाही. एवढं बोलणं झाल्याशिवाय आमच्याकडे कोणाला दाणे घेतल्यासारखं वाटत नाही.

दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा असा आग्रह झाला तेव्हा मी हात वर केले होते. भडभुंज्याने भाजावं, लिहू नये, असं माझं मत. पण हिने, म्हणजे आमच्या कुसुमने, चुलीवरून मान न वळवता सांगितलं, "तुमची जीभ गेली ते लिहा. बोलायची नाही, ती काही जायची नाही. चवीची." म्हटलं, बरं, तेच लिहितो.

आधी धंदा सांगतो. पुष्कळ शिकलेल्या लोकांनाही वाटतं की आम्ही दाणे भाजतो आणि वरून मीठ भुरभुरवतो. तसं केलं तर मीठ पुडीच्या तळाशी जाऊन बसेल आणि दाणे वर अळणी राहतील. खाऱ्या दाण्याचं मीठ पाण्यातून येतं. खडेमीठ पाण्यात घालून उकळायचं, त्याला आम्ही खारवणी म्हणतो. त्या गरम खारवणीत सालासकट दाणे मुरवायचे, टोपलीत निथळायचे, गोणपाटावर पसरून सुकू द्यायचे आणि मग कढईतल्या तापल्या वाळूत टाकायचे. सालात शिरलेलं पाणी तिथे वाफ होऊन निघून जातं. मिठाला काही वाफ होता येत नाही. ते मागेच राहतं, सालाच्या सुरकुत्यांमध्ये, बारीक बारीक कणांनी. काळपट वाळूतून पांढुरका दाणा वर येताना मी लहानपणापासून बघतोय आणि अजून मला त्याचा कंटाळा आलेला नाही.

यात बिघडायला जागा भरपूर. दाणा ओलाच वाळूत टाकला तर पाणी धडाधडा उडतं, मिठाची खपली धरते आणि हात लागताच गळून जाते. खारवणी पातळ झाली तर दाणा नुसताच भाजका लागतो. दाट झाली तर सालावर जाड कण धरतात, ओठ चरचरतात आणि गिऱ्हाईक पाण्याची बाटली शोधत फिरतं. पावसाळ्यात मिठाला आधीच ओल असते, उन्हाळ्यात पाणी भराभर आटतं, त्यामुळे कालचं माप आज चालत नाही. मग खारवणी बरोबर झाली हे ठरवायचं कसं? जिभेने.

आमच्या घरात त्याचा नेम होता. सकाळी खारवणी चाखल्याशिवाय चहा नाही. वडील म्हणायचे, चहा चढला की जीभ खोटं बोलायला लागते. आणि चाखायचं ते गादीवर बसणाऱ्यानेच. वडिलांनंतर मी. कुसुम लग्न होऊन आली तेव्हापासून भट्टीवर आहे. निवडणं, निथळणं, पुड्या बांधणं, संध्याकाळी भट्टीचा काठ घासणं, सगळं तिने केलं. पण खारवणी चाख असं तिला कोणी म्हटलं नाही, आणि तिनेही कधी विचारलं नाही. ते आमच्यात नव्हतंच.

माझी जीभ मात्र नामांकित होती, हे मी आपणहून सांगतो कारण आता सांगणारे फारसे उरले नाहीत. मिठाचा खडा कमी पडलाय की चिमूट, हे मला कळायचं. शेजारचा मिसळवाला रश्शाला काही कमी वाटलं की वाटी घेऊन माझ्याकडे यायचा. तालमीतले पहिलवान फुटाणे न्यायचे ते म्हणायचे, काका, तुमच्या हातात काहीतरी आहे. हातात कसलं, सगळं जिभेवर होतं.

गिऱ्हाईकंही तशीच तयारीची. नारायण पेठेतल्या एक बाई दर सोमवारी येऊन सांगायच्या, "कमी खारे द्या हो, ह्यांना बीपी आहे." आणि गुरुवारी त्यांचे ते 'हे' स्वतः यायचे. "नेहमीचे द्या. आणि आमच्या मंडळींना कळू देऊ नका." दोघंही अजून येतात, आणि मी दोघांनाही होकारार्थी मान हलवतो. दुसरे सदाशिव पेठेतले दातार सर, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. कापडी पिशवी, पायात चपला, चेहऱ्यावर कायम पेपर तपासत असल्याचा भाव. एक दाणा तोंडात टाकून ते डोळे मिटतात. दाणा चांगला असेल तर काही न बोलता पिशवी पुढे करतात. आमच्या दुकानात याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मला ताप आला आणि उतरला. दवाखान्यात जायची वेळ आली नाही, एवढं देवाचं देणं. घरी उठून बसलो त्या दिवशी कुसुमने आमटी-भात वाढला. मी जेवलो, ताट सारलं. ही माझ्याकडे टक लावून बघत होती.

"आमटी कशी होती?"

"छान."

"मीठ घालायचं विसरले होते. मुद्दाम नाही, खरंच विसरले. आणि तुम्ही आमटीला नावं ठेवली नाहीत. काय होतंय तुम्हाला?"

तेव्हा मला कळलं. तोंडात काहीच नव्हतं. भात मऊ लागत होता, आमटी गरम लागत होती, त्यापलीकडे सगळा शुकशुकाट. लोणच्याची फोड टाकली, मिठाचा खडा टाकला. खडा जिभेवर विरघळला आणि मला नुसतं ओलं लागलं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, अनेकांची येते. अनेकांची आलीही.

भट्टी पुन्हा पेटली तेव्हा जुना कारागीर गावी गेलेला परतलाच नव्हता. मी आणि कुसुम, दोघंच. मी खारवणी अंदाजाने करू लागलो. हाताला सवय आहे, जमेल, असं वाटलं. पहिल्याच आठवड्यात दातार सरांनी दाणा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि उघडले. "आज तुमचे दाणे खारे नाहीत. खारट आहेत." पुढच्या आठवड्यात मी मीठ कमी केलं. त्यांनी पुन्हा एक घेतला. "आज तेही नाहीत." बीपीवाले काका गुरुवारी आले, दोन दाणे खाल्ले आणि म्हणाले, "आज मी कमी खारेच घेतो." इतका अपमान माझा उभ्या जन्मात झाला नव्हता.

कुसुमला चाखायला लावून पाहिलं. तिने चमचाभर खारवणी तोंडात घेतली आणि चेहरा असा केला की मीच घाबरलो. खारवणी ही काही आमटी नव्हे. नव्या माणसाची जीभ खारवणीने बधिर होते, त्याला फक्त एवढंच कळतं की खारट आहे. किती खारट, हे कळायला माझी पंचवीस वर्षं गेली होती. तिला तेवढा वेळ द्यायला गिऱ्हाईक थांबणार नव्हतं.

आमचा नितीन हिंजवडीला नोकरी करतो. पोरगा गुणी आहे, तोडून बोलत नाही. तो म्हणाला, "बाबा, दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर गाळा देऊन टाकू. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण कधीचा मागे लागलाय. तुम्ही खूप केलंत, आता आराम करा." त्यात चुकीचं काय होतं? मी हो म्हणालो. पण रात्रभर तळमळलो. मला दुसरं काही येत नाही. भट्टी विझली तर सकाळी उठून मी जायचं कुठे, हा साधा प्रश्न होता.

दसरा जवळ आला होता. एका संध्याकाळी मी गादीवर नुसता बसून होतो आणि कुसुम भट्टीच्या काठाचा लोखंडी पत्रा घासत होती. त्या पत्र्यावर खारवणीचं पातेलं असतं, बाजूला कढई धगधगत असते, त्यामुळे पत्रा दिवसभर तापलेला. पळीने खारवणी काढताना थेंब सांडतात, ते तिथेच वाळतात आणि त्यांचे पांढरे डाग पडतात. आम्ही त्याला घाण म्हणायचो. रोज विटेच्या तुकड्याने ती घासून काढणं हे कुसुमचं काम.

घासता घासता ती म्हणाली, "अहो, उद्या दातार सर पुन्हा काहीतरी बोलणार."

"तुला काय माहीत?"

"आजची कडी जाड आहेत."

मला अर्थबोध होईना. तिने मला बोलावून दाखवलं. प्रत्येक डागाला कड होती. मधे पत्रा जवळजवळ स्वच्छ आणि भोवती पांढरं कडं. आज ती कडी रुंद होती, आणि मधेही पांढरे खडबडीत कण बसले होते. "तुमची जीभ चांगली होती तेव्हा कडी अशी बारीक असायची, शिवणाच्या दोऱ्याएवढी. मधे काही नसायचं. एका हाताने निघायची. हल्ली कधी घासून घासून हात दुखतो, कधी घासायलाच काही नसतं."

"मग आजवर बोलली का नाहीस?"

"तुम्ही चाखता, मी घासते. मला कोणी कधी विचारलं?"

मला हसू आलं. मग खरं सांगायचं तर डोळ्यात पाणीही आलं. भट्टीचा धूर होता, असं तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही थेंब टाकायला लागलो. वाटलं होतं सोपं असेल. पहिला थेंब मी कढईजवळच्या लालभडक कोपऱ्यावर टाकला. तो टिकलाच नाही. गोल होऊन पत्र्यावर सैरावैरा पळाला, तडतडला आणि मिठाचे कण माझ्या भुवईवर उडवून नाहीसा झाला. फार तापलेल्या लोखंडावर थेंबाला बसायला वेळच मिळत नाही. थंड बाजूला टाकला तर बसतो, पण इतका वेळ लावतो की तोवर गिऱ्हाईक दोनदा येऊन जातं, आणि मोठमोठे कण कुठेही उगवतात. शेवटी पत्र्यावर मधली एक जागा मिळाली, थेंब टाकला की पसरेल, उडणार नाही, इतपत तापलेली. तिथे मी खिळ्याने खूण केली. घरातला औषधाचा चमचा घेतला, म्हणजे थेंब लहानमोठा व्हायला नको.

मग बघत बसायचं. थेंब पसरतो. आधी काहीच दिसत नाही. मग कड दुधाळ होते. मग ती कड पांढरी होऊन जागच्या जागी घट्ट होते, आणि आतलं पाणी कडेकडे सरकत सरकत संपून जातं. मीठ कडेलाच का धरतं हे मी दातार सरांना विचारलं. त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. त्यांच्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता. ते म्हणाले, "थेंब कडेला सर्वांत पातळ असतो. तिथलं पाणी आधी उडतं. ते भरून काढायला आतलं पाणी बाहेर धावतं, आणि येताना मीठ घेऊन येतं. पाणी निघून जातं, मीठ अडकतं. सहावीच्या वर्गात सांगत असे मी. कोणी ऐकत नसे." दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं भिंग आणून दिलं. त्यातून कडं पाहिलं तर एकेक कण चौकोनी, काचेच्या फाशासारखा. मी जन्मभर मिठात हात घातले आणि ते चौकोनी असतं याचा पत्ता नव्हता. कुसुमला भिंग दिलं तर ती म्हणाली, "मला घासताना टोचायचे, म्हणून माहीत होतं."

खारवणीचं कोडं सुटत आलं, पण कोणतं कडं म्हणजे आपला दाणा, हे ठरवायला जीभ हवीच होती. तिथे कुसुम कामाला आली. खारवणी तिला झेपत नव्हती. भाजलेला दाणा झेपत होता. तो तर ती आयुष्यभर खात आली होती. मी खारवणी करायचो, थेंब टाकायचो, कडं बघून ठेवायचो, थोडेसेच दाणे मुरवून भाजायचो आणि तिच्यापुढे धरायचो. "कमी." "अजून कमी." "आता जास्त झालं." एक दिवस दाणा चावता चावता ती थांबली. "हे आपले," म्हणाली. मी लगेच पत्र्याकडे बघितलं. शिवणाच्या दोऱ्याएवढं कडं, आत स्वच्छ. त्या दिवशी जिवात जीव आला माझ्या.

शनिवारी दातार सर आले. एक दाणा उचलला, डोळे मिटले. त्यांनी पिशवी पुढे केली.

पण परीक्षा संपली नव्हती. दिवाळीच्या तोंडावर आमच्या गल्लीतली पाण्याची लाइन फुटली. दिवाळीचा आठवडा म्हणजे आमच्या नाकी नऊ येतात. लक्ष्मीपूजनाच्या लाह्या, चिवड्याचे दाणे, आणि भेटीगाठींना न्यायचे खारे दाणे. पाण्यावाचून बसणं शक्य नव्हतं. टँकर आला. पाणी स्वच्छ दिसत होतं. कुसुमने घोट घेतला आणि म्हणाली, "चांगलं आहे." मीठ टाकायच्या आधी मी सवयीने त्या साध्या पाण्याचा एक थेंब पत्र्यावर टाकला. आमच्या नळाला येणारं खडकवासल्याचं पाणी तिथे वाळलं की जवळजवळ काही उरत नाही. या थेंबाने पांढरट पापुद्रा ठेवला. कडं नव्हे, सगळीकडे पसरलेला पिठूळ डाग, नखाने खरवडून निघेना.

"ह्या पाण्यात आधीच काहीतरी आहे," मी म्हटलं. "हे वापरायचं नाही."

"अहो, मी आत्ता प्यायले. चांगलं आहे. आणि दुसरं पाणी आणायचं कुठून? दिवाळी तोंडावर आलीये."

आमचं चांगलंच वाजलं. तिची जीभ म्हणते चालेल, माझे डोळे म्हणतात नाही. दोन महिन्यांपूर्वी मी मूग गिळून बसलो असतो, कारण माझ्याजवळ म्हणायला काही उरलंच नव्हतं. त्या दिवशी मी ऐकलं नाही. स्कूटरवर कॅन बांधले आणि सदाशिव पेठेत तिच्या बहिणीकडून नळाचं पाणी वाहून आणलं, तीन-चार खेपा. नितीनला कळलं तेव्हा तो ऑफिसातून सुट्टी काढून आला आणि उरलेल्या खेपा त्याने केल्या.

टँकरच्या पाण्यातही कुसुमच्या हट्टापायी थोडे दाणे केले होते. ते कढईतून ठिपकेदार निघाले. कुठे मिठाचा पुंजका, कुठे काहीच नाही. उन्हाळ्यात टँकर लागला की एखादा घाणा असाच बिघडायचा, आणि माझी एवढी नावाजलेली जीभ शाबूत असताना मी दोष शेंगदाण्यांना देत आलो होतो. कुसुमने दोन्ही दाणे शेजारी ठेवून बघितले आणि ठिपकेदार दाणे मुकाट्याने बाजूला केले. वर मला म्हणाली, "चला, डोळे तरी कामाचे निघाले."

धनत्रयोदशीला दुकानासमोर रांग होती. नितीन पुड्या बांधत होता, मधूनमधून दाणे तोंडात टाकत होता. मोबाइलच्या कव्हरवाल्याचा फोन आला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कढईवर होतो. तो फोनवर म्हणाला, "नाही हो, बाबांची भट्टी चालू आहे," आणि पुढची पुडी बांधायला घेतली.

माझी चव पुरती आली नाही. गोड थोडंफार कळतं, खारट नाही. डॉक्टरांनी आता हळूहळू म्हणणंही सोडलं आहे. पण मी कृतज्ञ आहे, आणि ते मी तोंडदेखलं म्हणत नाही. दातार सरांचे उपकार आहेत, खडकवासल्याच्या पाण्याचे आहेत, माझे दाणे बिघडले तेव्हा तोंडावर बोलूनही पुन्हा आलेल्या गिऱ्हाइकांचे आहेत. सर्वांत जास्त आहेत ते कुसुमचे.

आता सकाळी खारवणी मी पत्र्यावर बघतो, आणि पहिला घाणा निघाला की त्यातला एक दाणा तिच्या हातावर ठेवतो. ती चावते. मी तिच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. भुवई हलते का, जबडा थांबतो का, ओठ मुडपतात का. दाणा कसा झालाय हे मला आता तिच्या चेहऱ्यावर कळतं, तिने बोलायच्या आत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतकं निरखून मी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

परवा समोर गिऱ्हाईक असताना ती हळूच म्हणाली, "असं बघू नका हो. लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "म्हणू देत. तू नीट चाव."